माळरानाच्या वाट्याला संशोधनाचा दुष्काळ

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नान्नज हे गाव आहे. द्राक्ष बागायतदारांच्या जगात या गावाला मान आहे, कारण 'सोनाका' हे लांब मण्यांचे वाण याच गावच्या एका प्रयोगशील शेतकऱ्याच्या बागेत निपजले. पक्षिअभ्यासकांच्या जगात हेच गाव दुसऱ्या कारणासाठी ओळखले जाते. गावाशेजारच्या माळावर माळढोक होता. होता, असेच आता म्हणावे लागते. गेल्या काही वर्षांत तेथे एखाददुसरा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. दिसला नाही तर कोणी विचारतही नाही.

एकाच गावच्या मातीतील या दोन गोष्टींचे नशीब इतके वेगळे का झाले? उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. डाळिंबासाठी तसेच केंद्र खुद्द सोलापुरात आहे. रब्बी ज्वारीसाठीही सोलापुरात संशोधन केंद्र आहे. हे सर्व असायलाच हवे. या केंद्रांनी दुष्काळी भागातील हजारो कुटुंबांच्या घरात चार पैसे आणले. परंतु याच ज्वारीच्या शेतात आणि त्याला लागून असलेल्या गवतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पक्ष्याच्या वाट्याला घोषणा आली, कुंपण आले, न्यायालयीन वाद आले. शेतकऱ्याची शेती चालू ठेवून पक्ष्याचे घर कसे सांभाळावे, या प्रश्नावर सलग पंचवीस-तीस वर्षे काम करणारे केंद्र मात्र आले नाही.

वाचकांना आठवत असेल, १९७९ मध्ये राज्य शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्रफळ होते ८,४९६ चौरस किलोमीटर. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर असे म्हणता येईल की संपूर्ण गोवा राज्य दोनदा त्यात मावले असते आणि वर जागा उरली असती. सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतील गावे, बाजारपेठा, विहिरी, बागा, रस्ते असे सगळे त्या रेषेच्या आत आले. प्रत्यक्षात पक्ष्याच्या उपयोगाची गवताळ वनजमीन तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली होती आणि बाकीची बहुतेक जमीन लोकांच्या सातबाऱ्यावरची होती. ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारले नाही, आणि अभयारण्य म्हणजे नेमके काय हे समजावूनही सांगितले नाही. रस्ता रुंद करायचा तर अडचण, कारखाना काढायचा तर अडचण, जमिनीचे व्यवहार करायचे तर अडचण. साहजिकच माळढोक हे नाव त्या भागात शिवीसारखे उच्चारले जाऊ लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रदीर्घ प्रक्रियेतून हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. तोपर्यंत पक्षी जवळपास संपला होता.

मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे हीच कथा थोड्या लहान प्रमाणावर घडली. १९८१ मध्ये तेथे २०२ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य झाले, तेही मुख्यतः खासगी शेतजमिनीवर. जमिनीची खरेदी-विक्री थांबली. संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली आणि ते उभ्या पिकांवर तुटून पडू लागले. शेतकऱ्यांचा सगळा रोष माळढोकावर गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्याची पाटी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे राहिली.

या अपयशाचे खापर केवळ शेतकऱ्यांवर किंवा केवळ वन खात्यावर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अपयशाच्या मुळाशी अज्ञान होते, आणि ते अज्ञान दूर करण्यासाठी लागणारा पैसा कोणी दिला नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने नान्नज, करेरा, आंध्रातील रोल्लापाडू अशा ठिकाणी तळ ठोकून माळढोकाचा पहिला सखोल अभ्यास केला. डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या कामामुळेच या पक्ष्याविषयी आज जे काही ठाऊक आहे त्याचा पाया घातला गेला. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. पक्षी टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे खातो आणि त्यासोबत ज्वारीचे व भुईमुगाचे दाणेही टिपतो. त्याला निव्वळ गवत पुरत नाही, तर गवत आणि कोरडवाहू पिके यांची सरमिसळ लागते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कोरडवाहू शेतकरी आणि माळढोक एकमेकांचे वैरी नव्हते, सोबती होते, एवढा त्याचा सरळ अर्थ. आणि या अभ्यासाला पैसा कोणी पुरवला? अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान द्यावा असे सलीम अली यांनी सुचवले होते, त्याच्या अभ्यासासाठी देशाच्या तिजोरीतून पुरेसा निधी निघू नये, ही गोष्ट कोणाही स्वाभिमानी भारतीयाला खटकावी अशीच आहे. प्रकल्पाची मुदत संपली, अहवाल सादर झाला. पुढे वन खात्याची वार्षिक गणना चालू राहिली. गणना पक्षी किती ते सांगते. कोणत्या शेतातून, कोणत्या वर्षी, कोणत्या पिकामुळे तो गेला ते सांगत नाही.

आणि त्याच वर्षांत सोलापूर जिल्हा बदलत होता. उजनीचे पाणी आले, विंधणविहिरी आल्या. ज्वारी-करडईच्या शेतात ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. शेतकऱ्याने तसे करू नये, असे म्हणण्याचा अधिकार शहरात पंख्याखाली बसलेल्या कोणालाही नाही. ज्वारीने पोट भरत नव्हते. परंतु त्याच वेळी जर कोणी मोजत असते, की एका गावाच्या शिवारात किती टक्के कोरडवाहू क्षेत्र राहिले तर पक्षी टिकतो, विजेच्या तारा कोठून वळवल्या तर तो मरत नाही, आणि एक एकर ज्वारी राखण्यासाठी शेतकऱ्याला किती भरपाई द्यावी लागेल, तर काही तरी हाती उरले असते. ती मोजणी झाली नाही. उलट अभयारण्यातील काही गवताळ तुकड्यांवर हिरवाई वाढवण्याच्या उत्साहात गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. उघड्या माळावर दूरवर पाहून शत्रू ओळखणाऱ्या पक्ष्यासाठी झाडी म्हणजे अडसर. नंतर तीच झाडे काढण्यासाठी पुन्हा खर्च करावा लागला.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. वृक्षारोपण हा आपल्याकडे पुण्यकर्माचा भाग आहे. शाळा, गणेशोत्सव मंडळे, सेवाकार्ये करणाऱ्या संस्था, सर्वजण पावसाळ्यात रोपे घेऊन बाहेर पडतात. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि उजाड झालेल्या डोंगरावर, रस्त्याकडेला, गावठाणात झाड हवेच. पण माळरान हे उजाड झालेले जंगल नव्हे. ते स्वतःच एक नांदते घर आहे. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या मुळाशी माती धरून ठेवणारी, पाणी मुरवणारी जी व्यवस्था आहे ती खड्डे खणून मोडली, की रोपही जगत नाही आणि गवतही जाते. लांडगा, खोकड, चिंकारा, तणमोर, धाविक यांना सावली नको असते. एखादा स्वयंसेवक मनापासून लावलेल्या रोपाला आठवड्याला दोन घागरी पाणी घालत असतो, आणि त्या रोपाखाली एका पक्ष्याची अंडी घालण्याची जागा संपलेली असते. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला हे कोणी सांगितलेलेच नाही.

सांगितले नाही, कारण सरकारी कागदावर माळरान म्हणजे 'पडीक'. हा शब्द महसुली व्यवस्थेतून आला. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात जमीन मोजणीची जी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास बसवली, तिचा आरंभ पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाला. साऱ्याचे उत्पन्न देणारी जमीन ती जमीन, न देणारी ती पडीक, असा हिशेब रूढ झाला. साहेब गेला, हिशेब राहिला. २०१९ च्या राष्ट्रीय पडीक जमीन नकाशासंग्रहात देशातील सुमारे ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे भूभागाच्या जवळपास १७ टक्के जमीन पडीक म्हणून दाखवली आहे, आणि त्यात झुडपी माळ, चराऊ कुरणे, वाळूचे प्रदेश हे सर्व धरलेले आहे. धनगराची मेंढरे ज्यावर पोसली जातात ती जमीन पडीक कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गवताचा कोणी धनीच नाही. वन खात्याला झाडाशी कर्तव्य, कृषी खात्याला पिकाशी, पशुसंवर्धन खात्याला जनावराशी. जनावर जे खाते त्या गवताशी कोणालाच नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र माळ ठाऊक होता. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी अलीकडेच एक वेगळा प्रयत्न केला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात पूर्वी दाट अरण्य होते आणि माणसाने ते तोडून माळ केला, असे सर्रास मानले जाते. हे तपासण्यासाठी त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, संतांच्या कथा, धनगरी ओव्या आणि लोककथा चाळल्या आणि त्यांत कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते पाहिले. निघाले असे की उल्लेखांत प्राबल्य माळावरच्या, काटेरी, विरळ वनस्पतींचे आहे. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही येथे माळच होता. मराठीचा पदवीधर पर्यावरणाच्या संशोधनात काय करणार, असे विचारणाऱ्यांनी या अभ्यासाकडे जरूर पाहावे. असो.

संशोधनाला पैसा नसतो तेव्हा नुकसान केवळ पक्ष्याचे होते असे नाही. माणसांचेही प्राण जातात. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम २००१ पासून राबवली गेली. ती करताना कोणाचाही हेतू वाईट नव्हता. लोक घाबरलेले होते, खात्यावर दबाव होता. डॉ. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी नंतर नोंदींचा अभ्यास केला तेव्हा दिसले, की त्याआधी १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, आणि मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. परक्या मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर अधिक धोकादायक ठरले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आधी हाती असता तर? त्याच अभ्यासकांनी अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात स्वयंचलित कॅमेरे लावून दाखवले, की जंगल नसलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे राहतात. माणसांच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर वन्य प्राण्याचे वास्तव्य आहे, ही गोष्ट आता सिद्ध आहे. त्यावर धोरण आखायचे तर असे अभ्यास जिल्ह्याजिल्ह्यांत, वर्षानुवर्षे व्हावे लागतील. शिरूर-जुन्नर भागात २०२५ च्या अखेरीस लोकांचा जो उद्रेक झाला तो पाहता ही निकड आता अभ्यासकांपुरती राहिलेली नाही.

पैसा नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. जंगल तोडण्याच्या बदल्यात प्रकल्पांकडून घेतलेल्या रकमेचा जो 'कॅम्पा' निधी आहे, त्यातून केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये २७ राज्यांकडे ४७,४३६ कोटी रुपये वर्ग केले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३,८४४ कोटी आले. त्या निधीचे नावच 'प्रतिपूरक वनीकरण', त्यामुळे पैसा रोपांकडे वळतो, आणि अनेकदा ती रोपे लावण्यासाठी जागा म्हणून पुन्हा तोच 'पडीक' माळ निवडला जातो. याच निधीतून माळढोकाच्या अधिवास-सुधारणेसाठी आणि बंदिस्त प्रजननासाठी ३३.८५ कोटी रुपयांची सात वर्षांची योजना झाली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने जैसलमेरमध्ये त्यातून जे काम उभे केले ते अभिमानास्पद आहे. कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला घालण्यापर्यंत २०२४ मध्ये मजल गेली. पण या दोन आकड्यांतील अंतरही वाचकांनी पाहावे. १९६९ मध्ये देशात माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज होता. ती दीडशेच्या खाली गेल्यावर आपल्याला पिंजऱ्याची आठवण झाली. शेतातल्या पक्ष्यासाठी आधी खर्च केला असता तर तो किती तरी स्वस्तात पडला असता.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवले गेले, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा आहे. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांभोवती घुटमळत असताना हे पाऊल स्वागतार्हच. मात्र उद्योगांकडून येणारा पैसा बॅटरी, औषधे, संगणक यांच्याकडे जाणार, हे ओघानेच आले. ज्वारीच्या शेतातील पक्ष्यातून कोणत्या कंपनीला नफा आहे? असा विषय सरकारलाच उचलावा लागतो.

स्पेनमध्ये माळढोकाचा एक मोठा चुलतभाऊ राहतो, तोही गहू-बार्लीच्या शेतात. १९८० मध्ये तेथे त्याच्या शिकारीवर बंदी आली. जगातील निम्म्याहून अधिक पक्षी आज त्या एका देशात आहेत. तेथील शास्त्रज्ञांनी दशकानुदशके पक्ष्यांच्या हालचाली नोंदवल्या, आणि शेत काही काळ मोकळे ठेवणाऱ्या, कापणी थोडी लांबवणाऱ्या शेतकऱ्यांना युरोपीय संघाच्या शेती निधीतून मोबदला मिळू लागला. तेथेही सर्व आलबेल नाही, पण प्रश्न काय आहे हे त्यांना आकड्यांत ठाऊक आहे.

आपल्याकडेही सुरुवात करायला जागा आहेत. गोंदिया जिल्ह्यात भाताच्या बांध्यांत सारस घरटे करतो, आणि 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते व शेतकरी मिळून ती घरटी राखतात. उत्तर प्रदेशातील इटावा-मैनपुरीच्या शेतांत के. एस. गोपी सुंदर यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासाने दाखवले, की शेतकऱ्याने सांभाळले तर सारस शेतातही उत्तम वाढतो. वाशिम-अकोल्याच्या बाजूला फासेपारधी समाजातील कुटुंबे 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने तणमोराचे गवत राखत आहेत; ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवले गेले त्यांच्याइतके गवताचे ज्ञान दुसऱ्या कोणाकडे आहे? त्या ज्ञानाला संशोधक-साहाय्यक म्हणून दरमहा वेतन मिळायला हवे. पुणे वन विभागाने २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे माळरानाची सफारी सुरू केली. लांडगा आणि चिंकारा पाहायला शहरातील कुटुंबे जातात. ज्या इंदापुरात माळाला प्रथम पडीक म्हणून मोजले गेले, त्याच इंदापुरात आता माळ पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात.

सर्वांत दुर्लक्षित जागा तर प्रत्येक सातबाऱ्यावरच आहे. तिला पोटखराबा म्हणतात. शेतातला ओढा, खडकाळ तुकडा, उतारावरची झुडपे, अशी लागवडीला अयोग्य म्हणून आकारणीतून वगळलेली जमीन. घोरपड, ससा, तित्तर, मुंगूस, मधमाश्या यांचे ते शेवटचे आश्रयस्थान. २०१८ मध्ये राज्य शासनाने नियमांत सुधारणा करून असा पोटखराबा लागवडीखाली आणण्याची आणि त्यावर आकारणी करण्याची वाट मोकळी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मागणी रास्त होती. कर्ज आणि विमा क्षेत्रावर मिळतो. पण त्या निर्णयापूर्वी पोटखराब्यात काय राहते, शेजारच्या पिकाला त्यातून परागीभवनाचा आणि कीडनियंत्रणाचा किती लाभ होतो, याचा हिशेब पुढे मांडला जायला हवा होता. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आणि सोलापूरच्या ज्वारी केंद्राला हा विषय देता येईल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेच आहे. माळ राखून पिकवलेल्या ज्वारीला अधिक भाव मिळतो का, हा प्रयोग दहा गावांत करून पाहायला फार खर्च येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून घोषित केले आहे. भरडधान्यांचे वर्ष २०२३ मध्ये आपल्याच पुढाकाराने साजरे झाले आणि ज्वारी-बाजरी पंगतीत आली. ती ज्वारी ज्या माळाच्या कडेला पिकते त्याच्यासाठी निदान एक संशोधन निधी या निमित्ताने उभा राहावा.

राजस्थानच्या प्रजनन केंद्रांत माळढोकाची पिल्ले वाढत आहेत. नान्नजच्या कुंपणाआड काळवीट आहेत, लांडगा येऊन जातो, गवत अजून आहे. त्या पिल्लांपैकी काही उद्या दक्षिणेत आणायची ठरली, तर ती कोणत्या गावाच्या शिवारात सोडायची, त्या शिवारात तेव्हा ऊस असेल की ज्वारी, आणि तार जमिनीखालून गेलेली असेल की डोक्यावरून, याची उत्तरे देण्यासाठी निदान दहा वर्षांच्या सलग नोंदी लागतील. त्या नोंदी ठेवणारा तरुण आज कोठल्या तरी महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असेल. त्याला नान्नजमध्ये खोली भाड्याने घ्यायला पगार कोण देणार, एवढेच ठरायचे आहे.